नुसत्या जाड केलेल्या ओळी

शहापूरला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर एक बाकडं. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, ग्रामपंचायतींचे अहवाल, लग्नाचे बायोडेटा, बचत गटांची इतिवृत्तं, सगळं माझ्याकडे येतं. मी कामाला चोख आहे आणि जिभेला तिखट आहे, हे दोन्ही गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. कुणी खुर्चीमागे उभं राहून "मॅडम, इथं जरा जागा सोडा ना" असं सुरू केलं, की मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवते. मग तो गुपचूप बाकड्यावर जाऊन बसतो.

या कामात मला सगळ्यात जास्त तोरा होता तो हेडिंगचा. माझी हेडिंगं जाड, बाकी मजकुरापेक्षा दोन पॉइंट मोठी, मधोमध, खाली रेघ, आणि वर एक ओळ मोकळी. पान लांबून बघितलं तरी कुठला भाग कुठं सुरू होतो ते कळायचं. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून टाइप केलेला कागद कुणी आणला की मी आधी हेडिंग बघायची आणि मनातल्या मनात मार्क कापायची.

ही सवय मुरबाडची. बारावी झाल्यावर वडिलांनी मला तिथल्या टायपिंग क्लासला घातलं. आमचं शेतकऱ्याचं घर, घरात टाइपरायटर कुणी पाहिलेला नव्हता. बाजारपेठेत एका दुकानाच्या वरच्या खोलीत सात मराठी टाइपरायटर आणि एक सर, एवढाच तो क्लास. सर दुपारी कोर्टाबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ आम्हाला शिकवायचे. टाइपरायटरला जाड अक्षर नसतं. म्हणून मथळ्याची सरांची रीत अशी होती, की ओळ एकदा टाइप करायची, कागद धरणारं कॅरेज मागे आणायचं आणि तीच ओळ त्याच अक्षरांवर पुन्हा ठोकायची. केसभर जरी हललं तरी अक्षर दुहेरी दिसायचं आणि सर कागद काढून टाकायला लावायचे. मला ते साधायला दोन महिने लागले. साधलं त्या दिवशी सरांनी कागद खिडकीकडे धरून बघितला आणि म्हणाले, "आता तुला कुठंही काम मिळेल." ते खरं झालं. पुढं टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पण मी मनानं तीच ओळ दोनदा ठोकत राहिले. फक्त आता एक बटण दाबलं की काम व्हायचं.

सरांनी दिलेला आणखी एक धडा मी अंगात मुरवून घेतला होता. टाइपिस्टनं अक्षर बघायचं, अर्थ बघायचा नाही. अर्थात शिरलं की स्पीड गेला. यामुळे माझा फायदाच झाला असं मी समजत होते. लोकांच्या घटस्फोटाचे, भावाभावांच्या भांडणाचे, मयत लेकाच्या दाखल्याचे कागद रोज हाताखालून जातात. ते वाचत बसले असते तर संध्याकाळी आसनगावला घरी जाऊन जेवण गेलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सरांच्या पत्नी दुकानात आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. क्लास बंद झाल्यावर सर आणि काकू शेणव्याच्या बाजूला, सरांच्या मूळ गावी राहायला गेले होते. सर आजारी असतात असं कानावर होतं, पण मी गेले नव्हते. कामाचं कारण सांगायला मला कधी कमी पडत नाही. काकूंनी पिशवीतून तीन जाड वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"डोळं गेलं त्यांचं," त्या म्हणाल्या. "काचबिंदू. आमाला कळंस्तोवर उशीर झाला."

त्या वह्या काय आहेत हे त्यांनीच सांगितलं. सरांचं घर बौद्ध. त्यांच्या वस्तीतल्या विहारात दर वर्षी वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ग्रंथ पाळीपाळीनं कुणीही वाचतं. पण वाचून झालं की त्या दिवसाच्या विषयावर सर बोलायचे. साध्या भाषेत, गावातलेच दाखले देऊन. पंचवीसेक वर्षं ती जागा त्यांची. बायका त्यांचं बोलणं ऐकायला भाकऱ्या लवकर थापून यायच्या. या तीन वह्या म्हणजे त्या बोलण्याच्या नोंदी. एका महिन्याची एक वही, रोजचा एक विषय, विषयाखाली गोष्ट, मग दाखला, मग शेवटी लोकांना विचारायचा प्रश्न. सर वहीत बघून बोलायचे. आता वही दिसत नव्हती.

"विहारातली पोरं वाईट नायत," काकू म्हणाल्या. "ती म्हनतात, सर, तुमी आता आराम करा, आमी स्पीकरवर चांगली चांगली भाषनं लावू. प्रेमानंच म्हनतात. पन ह्यांनी त्या दिसापासून जेवान अर्ध्यावर आनलंय."

सरांचा फोन आता बोलका होता. पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवायचा. वह्या कॉम्प्युटरवर टाइप झाल्या, फाइल फोनमध्ये गेली, तर कानात एक इअरफोन घालून सर ऐकतील आणि आपल्या शब्दांत लोकांना सांगतील, असा त्यांचा बेत होता. पौर्णिमेच्या आत काम हवं होतं. मी हो म्हटलं. ज्या माणसानं मला पोटापाण्याला लावलं त्याला नाही म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं. शिवाय न गेल्याची बोच होतीच.

महिनाभरात मी तीनही वह्या टाइप केल्या. अक्षर सरांचं, म्हणजे छापल्यासारखं, त्यामुळे हात भराभर चालला. वहीत ज्या ज्या ओळीखाली रेघ होती ती प्रत्येक ओळ मी जाड केली, मोठी केली, मधोमध घेतली. एक अक्षर चुकवलं नाही आणि एक वाक्य वाचलं नाही. मग फाइल सरांच्या फोनवर पाठवली. सरांचा लगेच फोन आला. आवाज तसाच, खणखणीत. म्हणाले, "तुझ्या हातचं काम आहे, मला तपासायची गरज नाही."

पहिल्या दिवशी झकास झालं. काकूंनी फोन करून सांगितलं की लोक बघत राहिले, सर कानात इअरफोन घालून पूर्वीसारखे बोलले. मी दुकानात पेढे वाटले नाहीत एवढंच, पण त्या दिवशी गिऱ्हाइकांशी गोड बोलले.

पहिला दिवस फाइलच्या सुरुवातीलाच होता, म्हणून झकास झाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. फाइल उघडली की फोन पहिल्या ओळीपासून वाचणार. दुसऱ्या दिवशी पहिला दिवस ओलांडून पुढं जायचं. तिसऱ्या दिवशी दोन. परिच्छेदामागून परिच्छेद बोटानं सरकवायचे, प्रत्येकाचे दोन-तीन शब्द ऐकायचे, हा नव्हे म्हणून पुढं जायचं. घरून निघताना सर जागा शोधून ठेवायचे, तर वाटेत कुणाचा फोन आला की फाइल बंद, पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या दिवशी तेच झालं.

"पंधरा मिंटं बोट फिरवीत बसले," काकू फोनवर म्हणाल्या. "लोक गप बसून व्हते. कुनी काय बोललं नाय. तेच त्यांना लागलं."

सातव्या दिवशी सर विहारात गेले नाहीत. पोरांनी स्पीकर लावला. सरांची खुर्ची कुणीतरी भिंतीकडे सरकवून ठेवली होती, हेही काकूंनी सांगितलं. त्या जागेवर सर परत बसतात की नाही हे आता माझ्या फाइलवर येऊन ठेपलं होतं, आणि फाइलमध्ये काय चुकलंय हे मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी सरांचाच फोन आला. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ कल्याणला बँकेत नोकरी करतात, त्यांना लहानपणापासून दिसत नाही. सरांनी त्यांना विचारलं होतं.

"एक सांग," सर म्हणाले. "हेडिंग तू हेडिंग म्हणून केलंस, का नुसतं जाड केलंस?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, जाड केलंय, रेघ मारलीय, मोठं केलंय, मधोमध घेतलंय. अजून काय करायचं असतं हेडिंगला?"

"ते सगळं डोळ्यांसाठी झालं, बाय. माझ्या फोनला जाड कळत नाही. तो जाड ओळ पण वाचतो आणि बारीक ओळ पण तशीच वाचतो. हेडिंग आहे असं फाइलमध्ये आतून लिहिलेलं असलं, तर मी एका बोटानं ह्या हेडिंगवरून त्या हेडिंगवर जाऊ शकतो. ते म्हणाले, टाइप करणाऱ्याला विचारा."

टाइप करणारी मी. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि झेरॉक्सला आलेल्या एका सज्जन माणसावर विनाकारण ओरडले. मनात म्हटलं, फोन स्वस्तातला असेल. तीस वर्षं लोक माझी हेडिंगं बघतायत, कुणी तक्रार केली नाही.

पण चैन पडेना. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी माझ्याच फोनमधलं ते बोलतं बटण चालू केलं, सरांची फाइल उघडली, डोळे मिटले आणि ठरवलं की विसाव्या दिवसाचा विषय शोधायचा. बोट सरकवत गेले. फोन बोलत गेला. कुठला दिवस संपला आणि कुठला सुरू झाला काही पत्ता लागेना. माझी एवढी देखणी हेडिंगं कानाला लागतच नव्हती, बाकीच्या मजकुरात विरघळून जात होती. कितव्या दिवशी पोचले कुणास ठाऊक, मी कंटाळून डोळे उघडले. मला उघडता आले. सरांना पंधरा मिनिटं सगळ्या वस्तीसमोर हेच करत बसायला लागलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. वर ते बोलतं बटण मला बंद करता येईना. जिथं बोट लावावं तिथं फोन बोलायचा आणि करायचा मात्र काही नाही. शेवटी सकाळी ज्याच्यावर ओरडले होते तोच माणूस राहिलेल्या झेरॉक्ससाठी परत आला, त्यानं ते बंद करून दिलं. मी त्याला चहा पाजला.

मग मी खुर्चीवर बसून, जे एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. रोज डोळ्यांसमोर असलेल्या पट्टीकडे नीट बघितलं. टाइप करायच्या पानाच्या वर, उजव्या बाजूला, काही खण असतात. त्यांत 'शीर्षक १', 'शीर्षक २' असं लिहिलेलं असतं. ते मला पाठ होते. कधी चुकून त्यावर क्लिक झालं की ओळ निळी व्हायची, आणि मी चिडून ती परत काळी करायची. मला वाटायचं ते खण नटव्या लोकांसाठी आहेत. ती ओळ निळी होताना आतून तिला सांगितलं जात होतं की तू आता हेडिंग आहेस, आणि मी दर वेळी तिला ओढून परत साधी ओळ करत होते.

रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून मी सरांच्या गावी गेले. सर ओट्यावर बसले होते. पायांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. काकूंनी सांगितल्यावर त्यांना कळलं. मग त्यांनी हात पुढं केला आणि मी पाया पडले तर म्हणाले, "ते राहू दे, आधी फाइल काढ."

मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. जेवढ्या जाड ओळी आहेत तेवढ्या सगळ्या एका दमात निवडल्या आणि 'शीर्षक'च्या खणात घातल्या. फाइल फोनवर टाकली. सरांनी बोट सरकवलं. फोन म्हणाला, "दान, शीर्षक." सरांचा चेहरा फुलला. त्यांनी पुन्हा बोट सरकवलं. फोन म्हणाला, "राग आला की आधी घोटभर पाणी प्यावं, शीर्षक." पुन्हा सरकवलं. "म्हशीलासुद्धा कळतं, शीर्षक."

सर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, काकू पाणी घेऊन आल्या. भानगड अशी होती, की वहीत सरांनी दोन कारणांसाठी रेघा मारल्या होत्या. काही रेघा विषयाच्या नावाखाली होत्या. काही रेघा बोलताना जोर द्यायच्या वाक्यांखाली होत्या. मी दोन्हींना एकाच मापात जाड करून टाकलं होतं. कागदावर बघणाऱ्या माणसाला कदाचित अंदाजानं कळलं असतं. पण हेडिंग कुठलं आणि नुसतं जोरात म्हणायचं वाक्य कुठलं, हे फाइलला सांगायचं तर ते आधी मला कळायला हवं होतं. आणि ते कळायला वाचण्यावाचून इलाज नव्हता.

मी सोमवारी आणि मंगळवारी दुकानाला कुलूप लावलं. हे माझ्याकडून सहसा होत नाही. तीन दिवस मी त्या ओट्यावर बसून सरांच्या वह्या पहिल्यांदा वाचल्या. महिन्याचं नाव पहिल्या पातळीवर, दिवसाचा विषय दुसऱ्या, गोष्ट, दाखला आणि प्रश्न तिसऱ्या, असं आम्ही ठरवलं. मी ओळ वाचून विचारायची, "हे हेडिंग का?" सर सांगायचे, हो, किंवा नाही, ते जाड राहू दे, किंवा, ते कशाच्या पोटात येतं ते आधी बघ. बाहेर पाऊस लागलेला असायचा, काकू मधूनमधून चहा आणायच्या, दुपारी तांदळाची भाकर आणि टाकळ्याची भाजी व्हायची. मी ज्याला महिनाभर नुसती अक्षरं म्हणून ठोकलं होतं, त्यात मुंबईला पाणी नेणाऱ्या तानशाच्या पाइपलाइनच्या कडेनं डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायका होत्या, सरांची आई होती, कोर्टाबाहेर न वाचता अंगठा उठवणारी माणसं होती. ते वाचताना मला दोनदा रडू आलं आणि एकदा इतकं हसू आलं की काकू चूल सोडून बघायला आल्या. इतकं सुंदर काम मी हातावेगळं केलं होतं आणि मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिसऱ्या वहीत आम्ही बरेच पुढं आलो होतो. एक ओळ आली. माझ्या फाइलमध्ये ती मधोमध, सोळा पॉइंटात, जाड, रेघेसकट उभी होती. मी वाचली, "वाचायचं नाही, तर मग कळायचं कसं? सर, हे हेडिंग का?"

"नाही," सर म्हणाले. "ते बोलणं आहे. एकीनं मला ऐकवलेलं. वरचं वाच."

मी वरचं वाचलं. वहीत असं होतं: मुरबाडला क्लासमध्ये एक मुलगी होती. हुशार, पण भडक डोक्याची. स्पीडच्या परीक्षेचा उतारा टाइप करताना ती मधेच थांबून वाचत बसायची. मी रागावलो. म्हटलं, टाइपिस्टनं वाचायचं नसतं. तर तिनं कॅरेज थाडकन मागे ढकललं आणि मला म्हणाली, वाचायचं नाही, तर मग कळायचं कसं? मी तिला बाहेर उभं केलं. पण घरी आल्यावर मला झोप लागेना. दहा वर्षं मी लोकांची दुःखं टाइप करत होतो आणि मला त्यातलं एकही आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी अर्ज टाइप करण्याआधी वाचायला लागलो, माणसाला समोर बसवून त्याला वाचून दाखवायला लागलो. त्यातूनच पुढं विहारात बोलायला लागलो. त्या मुलीला हे सांगायचं राहून गेलं.

बाहेर उभं केल्याचं मला आठवत होतं. खिडकीतून बाजारातल्या बैलगाड्या मोजत उभी होते मी. पण कशासाठी उभं केलं होतं ते मी पार विसरले होते. आत आल्यावर मी निमूटपणे स्पीड वाढवला होता आणि परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले होते. ज्या दिवशी सरांनी तो धडा सोडला, त्याच दिवशी मी तो घेतला होता.

"मला वाटलं, टाइप करतानाच तुला कळलं असेल," सर म्हणाले. "तू काहीच बोलली नाहीस. म्हटलं, रागावली असेल अजून."

माझ्याबद्दलचा उतारा मी माझ्या हातांनी टाइप केला होता, माझंच वाक्य जाड करून मधोमध बसवलं होतं, आणि पुढच्या पानावर गेले होते. लॅपटॉपवर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मी तो बाजूला सरकवला. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्या वर्षानुवर्षं तेच ऐकत आल्या होत्या.

सरांनी विचारलं, "तो उतारा तू कुठल्या हेडिंगखाली ठेवलायस?"

मी बघितलं. वरचं सगळ्यात जवळचं हेडिंग होतं 'माझे विद्यार्थी'.

"मग चुकलं. त्याच्या आणि ह्याच्या मधे एक हेडिंग आहे. वहीत बघ."

मी वही पुन्हा बघितली. रेघ मारलेलं काहीच नव्हतं. मग समासात, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेले तीन शब्द दिसले. रेघ नव्हती म्हणून माझ्या हातांनी ते मजकुराबाहेरचे समजून सोडून दिले होते. 'ज्यांनी मला शिकवलं'. त्याखाली तीन उतारे होते. पहिला सरांच्या आईचा, दुसरा कोर्टातल्या एका म्हाताऱ्या शिपायाचा आणि तिसरा माझा.

मी ते तीन शब्द टाइप केले. जाड केले नाहीत, रेघ मारली नाही. खणावर क्लिक केलं आणि ते निळे झाले. या वेळी मी त्यांना काळं केलं नाही.

गुरुवारी सर विहारात गेले. पोरांनी खुर्ची स्वतःच जागेवर आणून ठेवली होती आणि तो स्पीकर सरांच्या माइकला जोडला होता. सगळं सुरळीत झालं, असं काकूंनी कळवलं. मागच्या दिवशीचं काही कुणी विचारलं की सर दोन बोटांत मागं जातात आणि दोन बोटांत पुढं येतात, असंही म्हणाल्या. त्यानंतर मी दुकानातले सगळे जुने साचे बदलले. आता ग्रामपंचायतीच्या अहवालाची अनुक्रमणिका आपसूक तयार होते. पूर्वी मी ती टिंबं मोजून हातानं करायची आणि एक पान वाढलं की सगळे आकडे परत टाकायची. ग्रामसेवकांना वाटतं मी कसला तरी कोर्स केला. पण मला त्यातलं खरं सुख निराळं वाटतं. हेडिंग करायचं म्हणजे कागदात कशाखाली काय आहे ते बघावं लागतं. त्यासाठी वाचावं लागतं. माझा स्पीड कमी झालाय. बाकड्यावरची माणसं आता जरा जास्त वेळ बसतात आणि मी त्यांना अर्ज वाचून दाखवते. एका बाईच्या अर्जात तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची तारीख चुकली होती, ती त्यामुळे सापडली. सरांचे उपकार मी आधीही मानत होते, पण ते पोट भरण्याचे. आता ते कितीतरी मोठे आहेत हे मला कळलंय आणि ते कळण्याइतके दिवस सर आहेत, याचं मला रोज बरं वाटतं.

भाद्रपद संपता संपता एका संध्याकाळी मी स्वतः विहारात गेले. तो दिवस कुठला हे मला माहीत होतं, फाइल मीच केली होती. बायकांच्या बाजूला मागं चटईवर जागा मिळाली. वंदना झाली, वाचन झालं. सरांनी एका कानात इअरफोन घातला, बोट दोनदा सरकवलं, आणि आईपासून सुरुवात केली. मग शिपाई. मग ती मुलगी. नाव घेतलं नाही, माझ्या दिशेला तोंडही केलं नाही. मी आलेय हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही ते मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी फक्त ते वाक्य म्हटलं, वहीत रेघ होती तेवढ्याच जोरानं.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला हळूच विचारलं, "ती पोर कुठं असंल गो आता?"

"शहापूरला," मी म्हणाले. "टायपिंग करते."

"सर तिची अशी आठवन काढतात, तिला ठाव तरी हाय का?"

"नव्हतं, आजी. तिनं हे सगळं सरांसाठी टाइप करून दिलं, तरी तिला ठाऊक नव्हतं. वाचलंच नव्हतं तिनं."

म्हातारीनं माझ्याकडे नीट बघितलं. मग माझा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून चाचपली.

"मंग आता वाचीत जा, बाय," ती म्हणाली.